सोमवारची गैरहजेरी

बेल्ह्याचा बाजार सोमवारचा. आळेफाट्याहून आण्याच्या घाटाकडे निघालेल्या रस्त्यावर, जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला आमचे हे गाव आहे. आणि ज्याने आयुष्यात एकदा तरी बैल विकत घेतला, किंवा घ्यावा असे नुसते मनात आणले, त्याला बेल्ह्याचे नाव निराळे सांगावयास नको. मी याच गावात मुलांना शिकवितो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो असे लोक म्हणतात. कादंबऱ्या लिहिताना फावला वेळ मिळाला तर शिकवितो, असे आमचे मुख्याध्यापक म्हणतात. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंत. पुढले सारे शिक्षण वर्गात उभे राहून झाले, आणि त्यातले बरेचसे मुलांनी केले.

हजेरीपटावर सोमवारची उभी ओळ पाहावी. मंगळवारपासून शनिवारपर्यंत नीट नांगरलेले शेत आणि सोमवारी मधेच पडलेली पडीक पट्टी! पहिली काही वर्षे मी या पट्टीवर फार संतापत असे. एका मंगळवारी सातवीतल्या एका मुलाला उभे केले आणि विचारले, "काल कुठे होतास?"

"बाजार होता, सर."

"बाजार तुझ्या वडिलांना होता. तुझे तिथे काय काम?"

"बापाला घाटा-नफा कोण सांगणार?" तो म्हणाला. आवाजात उद्धटपणा नव्हता. खरोखरच त्याला प्रश्न पडला होता.

हा मुलगा सरळव्याजाच्या गणितात तीनदा नापास झालेला. मी म्हणालो, "बरे, सांग कालचा घाटा-नफा." तेव्हा फळ्याकडे पाठ करून, हात मागे बांधून तो सांगू लागला : जोडी ऐंशी हजारांना घेतली होती, ब्याण्णव हजारांना सुटली. बाप म्हणतो बारा हजार मिळाले. पण तीन महिन्यांत नऊ हजारांची वैरण खाल्ली, टेंपोचे दीड हजार गेले. राहिले दीड हजार. "आणि तीन महिने आईनं पाणी पाजलं, शेण काढलं, ते कशात धरायचं ते मला कळत नाही, सर."

मलाही कळले नाही. मी त्याला खाली बसविले आणि तास संपेपर्यंत व्याकरण शिकविले. परंतु तो प्रश्न मनात राहिला. या लेखाला निमित्त तोच. आपल्या मुलांना पैशाचा हिशेब शिकविण्याचे काम आजवर कोणी केले, कोठे केले, आणि ते कोणी सोडून दिले, याचा शोध मी माझ्या परीने घेऊ लागलो. इतिहास म्हणून माझ्यापाशी जे जमले ते दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

शोधाची सुरुवात घराजवळूनच झाली. दरवर्षी सहलीला आम्ही मुलांना शिवनेरीवर नेतो, लेण्याद्रीचा गणपती दाखवितो आणि परत आणतो. जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांत शिलालेख आहेत, हे मी स्वतःच कितीतरी उशिरा शिकलो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, लेणे आणि पाण्याचे टाके कोरवून दिल्याचा लेखही आहे. बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, काशाची भांडी घडविणाऱ्यांची श्रेणी, यांच्याकडे ठेव ठेवून तिच्या व्याजातून धर्मकार्य चालावे अशी व्यवस्था त्या लेखांत कोरलेली आहे. बुरूड आणि कासार ही त्या वेळची बँक! कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाटाने वर चढत होता, घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण अजून आहे, आणि यवनांचीही नावे दात्यांत सापडतात. अशा गजबजलेल्या पेठेत बुरुडाच्या शब्दाला पत होती.

याहून सुरेख उदाहरण नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याजच तेवढे वापरावयाचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे.

मी हे वर्गात सांगितले आणि म्हणालो, करा हिशेब. दोन हजारांचे शेकडा एक दराने महिन्याचे वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा : दोनशे चाळीस. दगडावरचे गणित जुळले! माझा सोमवारचा गैरहजर विद्यार्थी पहिल्यांदाच फळ्याकडे तोंड करून बसला होता. त्याने विचारले, "पण विणकरांनी नंतर नाही म्हटलं तर?" याचेही उत्तर त्याच लेखात आहे. हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरीच्या सभेत, सर्वांसमक्ष वाचून दाखविला गेला आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदला गेला. आणि शेवटी डोंगरात कोरला. नाही म्हणावयास जागाच ठेवली नाही.

'सर्वांसमक्ष वाचून दाखविला' हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढच्या हजारदीड हजार वर्षांवरून मी उडी मारणार आहे, आणि ज्या ठिकाणी उतरणार आहे तिथे हीच गोष्ट हरवलेली आहे.

जुन्या पंतोजीच्या शाळेची आपण थट्टा करतो. धूळपाटी, छडी, आणि ओसरीवर घुमणारा पाढ्यांचा कल्लोळ. पण त्या कल्लोळात काय होते? पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी, औटकी! पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन यांचे पाढे. उषवदाताचे शेकडा पाऊण दराचे व्याज पंतोजीचे पोर पाऊणकीच्या एका दमात सांगून मोकळे झाले असते. ही विद्या बाजारासाठीच होती. मात्र ती ओसरीवर कोण बसले होते? ज्यांच्या घरी लेखणी होती त्यांची मुले. ज्यांच्या घरी नांगर होता त्यांची मुले ओसरीच्या खाली होती, आणि त्यांतली कित्येक तर ओसरीच्या दृष्टीसही पडत नव्हती. बाजारात व्यापाऱ्यांनी आपसांत बोलण्यासाठी आकड्यांची गुप्त भाषाच केली होती. केवली म्हणजे एक, अवारू म्हणजे दोन, उधानू म्हणजे तीन. समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कळू नये हाच तिचा उपयोग. रुमालाखाली बोटे धरून भाव करण्याची तऱ्हाही त्याच कुळातली. जाणणाऱ्यांनी जाणावे, बाकीच्यांनी पाहत उभे राहावे.

या अज्ञानाचे भाडे किती पडत होते? पेरणीला एक मण धान्य घ्यावे आणि सुगीला सवाई म्हणजे सव्वा मण, किंवा दिढी म्हणजे दीड मण द्यावे. रोखीने घ्यावे तर कोठे कोठे रुपयाला महिन्याचा एक आणा. ऐकायला आणा म्हणजे काहीच नाही. पण सोळा आण्यांचा रुपया. एक आणा म्हणजे शेकडा सव्वासहा. वर्षाचे शेकडा पंचाहत्तर. उषवदाताच्या विणकरांचा दर वर्षाला बारा होता.

इंग्रजी अमलात रोख सारा आला, दिवाणी कोर्टे आली आणि खताला कायद्याचे दात फुटले. शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने १८७४ साली सावकारावर बहिष्कार घातला. न्हावी, पाणक्या, सगळ्यांनी काम बंद केले. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि मग पुणे व नगर जिल्ह्यांत गावोगावी वणवा पसरला. इतिहासात यास दख्खनचे दंगे म्हणतात. त्यांतली ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की माणसांवर हात फारसा पडला नाही. लोकांना हवे होते ते कागद. खते, रोखे, हुकूमनामे मागून घेतले आणि जाळले. वाचता येत नव्हते म्हणून जाळले. चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला आणि शेतकऱ्याने द्यावयाचे खत गावच्या निबंधकापुढे झाले पाहिजे असे ठरले. पुन्हा तोच विचार : चार लोकांसमोर वाचले गेले पाहिजे.

कायदा झाला, पण वाचणारा कोठून आणावयाचा?

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी होती. तीत एक मोडीतला कागद. पणजोबांच्या नावाचा, खाली 'निशाणी नांगराची'. अक्षर न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगर काढी, ही त्या काळची रीत. घरात सगळे म्हणत, हे सावकाराचे खत. पणजोबा त्या खतापायी फार कष्टले. दरवर्षी सुगीला सावकाराच्या दारात धान्य पोचते करीत आणि वर्ष पुरले असे मानीत. आजोबांनीही काही वर्षे दिले. मी विशीत असताना ओतूरच्या एका मोडी जाणणाऱ्या वृद्ध गृहस्थांकडे तो कागद घेऊन गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "हे खत आहे असे तुम्हाला कोणी सांगितले? ही फारखत आहे." फारखत म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला. कागदात लिहिले होते की येणे सर्व पावले, आता काही देणे उरले नाही.

कागद खरा होता. सावकाराने फिटल्याचे लिहून दिले होते; फक्त ते तोंडाने सांगितले नव्हते, आणि पुढे धान्य येत राहिले ते नको म्हटले नव्हते. हे वडिलांना सांगावे की नाही, याचा मी आठ दिवस विचार केला. सांगितले. ते काही बोलले नाहीत. गोठ्यात गेले आणि बराच वेळ बैलाच्या मानेवर हात फिरवीत उभे राहिले.

म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र मी वाचतो तेव्हा मला ते थोर पुरुषाचे चरित्र वाटतच नाही. आमच्या पेटीतल्या कागदाला कोणीतरी दिलेले उत्तर वाटते.

भाऊरावांचा जन्म १८८७ चा, कुंभोजचा. जरा बारकाईने पाहिले म्हणजे कळते की हा मनुष्य शाळा काढण्यापूर्वी विक्रेता होता! किर्लोस्करांचे नांगर विकत तो गावोगाव हिंडला, ओगल्यांच्या काचेचे काम केले, साताऱ्यास कूपरांच्या कारखान्याच्या उभारणीत तो होता. शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून लोखंडी नांगर विकावयाचा म्हणजे काय, हे बेल्ह्याच्या बाजारात उभे राहिलेल्यालाच कळेल. नांगराचा गुण पटवावा लागतो, किंमत पटवावी लागते, आणि शेतकऱ्याच्या घरात किती आहे हे न विचारता ओळखावे लागते. त्या घरांत काय नाही, हे भाऊरावांनी त्या भटकंतीत पाहिले असले पाहिजे, असे माझे आपले मत आहे.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली ती साताऱ्यास आली. तेथल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत आणि एकत्र राबत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. मुले शेतात खपत, स्वयंपाक करीत, दगड वाहत, बांधकाम करीत. श्रमाच्या मोबदल्यात त्यांचे शिक्षण होई. १९४० साली महाराजा सयाजीरावांच्या नावाने साताऱ्यात हायस्कूल निघाले तेही 'कमवा आणि शिका' याच पायावर. आणि पोरांच्या पोटासाठी धान्य उरले नाही तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने काढून दिले. शेवटी मंगळसूत्रही गेले. लक्ष्मीबाई १९३० साली वारल्या. पुढे संस्थेचा वटवृक्ष झाला हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मनात मात्र नेहमी येते, त्या दागिन्यांची नोंद कुठल्या वहीत, कुठल्या बाजूला केली असेल? जमा की देणे?

भाऊराव १९५९ साली गेले. त्यांची योजना अजून महाविद्यालयांतून चालते. गरीब मुलांना तिचा आधारही आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर तिचे एक बाळबोध रूपही आले आहे, आणि त्याविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. हल्ली शाळाशाळांतून 'बालबाजार' भरतो. मुले टेबलावर भेळ, लिंबूसरबत, कोथिंबिरीच्या जुड्या मांडतात. गिऱ्हाईक कोण? त्यांचेच आईबाप. पाच रुपयांची जुडी वीस रुपयांना घेऊन फोटो काढतात. भांडवल बापाचे, माल आईचा, गिऱ्हाईक मावशी, आणि नफा पोराचा! हा बाजार नव्हे. हे हळदीकुंकू आहे.

आमच्या लहानपणी याहून बरे एक होते. शाळेत संचयिका होती. खाऊचे चार आणे, आठ आणे गुरुजींपाशी जमा करावयाचे, छोट्या पुस्तकात नोंद व्हावयाची. माझ्या पुस्तकात चौदा रुपये झाले होते. त्या चौदा रुपयांवर मला जो विश्वास होता तो पुढे कुठल्याच रकमेवर बसला नाही. संचयिकेने जपून ठेवावयास शिकविले. परंतु ठेवलेला पैसा पुढे कोठे जातो, हे तिने शिकविले नाही. आणि त्याची किंमत मी मोठेपणी दिली.

काही वर्षांपूर्वी आईने म्हैस विकली. चाळीस हजार आले. बँकेपेक्षा दोन टक्के अधिक देणारी एक पतसंस्था होती. नाव सांगत नाही. मी, व्याजाची गणिते शिकविणारा मास्तर, कागदावर व्याज काढले, ते अचूक काढले, आणि पैसे ठेवले. संस्था माझे पैसे कोणाला कर्जाऊ देते, हे विचारावयाचे सुचले नाही. दोन वर्षांनी दाराला कुलूप. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही, हे मला कुलपासमोर उभे असताना एका कारकुनाने सांगितले. उषवदाताच्या विणकरांविषयी माझ्या विद्यार्थ्याने जो प्रश्न विचारला होता, "नाही म्हटलं तर?", तो मी विचारला नव्हता. पणजोबांना वाचता येत नव्हते. मला येत होते.

हे मी वर्गात सांगितले. मास्तराने आपले बुडणे सांगू नये असा संकेत आहे, पण सांगितले. आणि मग ठरविले की सोमवारी मुले बाजारात जातातच, तर वर्गच तिकडे न्यावा.

मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीपासूनच्या वेळेची परवानगी दिली. बावीस मुलांनी वीस वीस रुपयांचा भाग भरला : चारशे चाळीस. आईबापांनी विकत घ्यावयाचे नाही, हा नियम. गावाला मात्र शिकवावयास बोलावले. किराणा दुकानदाराने रोजकीर्द आणि खतावणी यांतला भेद अर्ध्या तासात सांगितला. माझे पुस्तक वाचून मलाही तो इतका स्पष्ट झाला नव्हता. बचत गटाच्या बायकांनी कर्ज देण्यापूर्वी त्या एकमेकींना काय विचारतात ते सांगितले, आणि मी मान खाली घालून ऐकले. बैलबाजारातले एक म्हातारे दलाल आले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, मुलामुलींची बोटे त्याखाली धरून भाव शिकविला, आणि म्हणाले, "मास्तर, हे लपवायचं होतं तोवर आमची रोटी. आता सगळ्यांना शिकवलं. आता कशाला पंचा?" आणि पंचा पुन्हा खांद्यावर टाकला.

मुलांनी शेंगदाण्याचे लाडू करावयाचे ठरविले. दोन किलो दाणे दोनशे ऐंशी, किलोभर गूळ साठ, कागद वगैरे वीस. एकूण तीनशे साठ. लाडू नव्वद झाले, पाच रुपयांना एक. बैलांच्या रांगेच्या टोकाला, लिंबाखाली, पाटीवर मांडून बसले. शेजारी दोरखंड आणि घुंगरमाळा विकणारा. पहिला तासभर कोणी ढुंकून पाहिले नाही. बैल घ्यावयास आलेला मनुष्य लाडूकडे पाहत नसतो. बैल घेऊन झाला म्हणजे पाहतो. हे ध्यानात येताच एका मुलीने पाटी उचलली आणि जिथे सौदे पुरे होऊन पैसे मोजले जात होते तिथे नेऊन ठेवली. शर्यतीची बंदी २०२१ च्या डिसेंबरात उठल्यापासून खोंडांना पुन्हा मोल आले आहे, आणि चांगला सौदा झालेला मनुष्य उदार असतो. बघता बघता अठ्ठ्याहत्तर लाडू रोखीने गेले. बारा उधारीवर, एका टेंपोवाल्याला.

मंगळवारी वही मांडली. रोख तीनशे नव्वद, येणे साठ. विक्री चारशे पन्नास. खर्च तीनशे साठ. नफा नव्वद. वर्गात टाळ्या झाल्या. दुकानदार मागे उभे होते, ते म्हणाले, "गॅस कोणाचा जळला?" तीस रुपये धरले. नफा साठ. पुढल्या सोमवारी टेंपोवाला आला नाही तर नफा शून्य, हे एकाने काढले. टाळ्या बंद झाल्या.

मग तो सोमवारचा गैरहजर मुलगा उठला. आता तो आठवीत आहे. म्हणाला, "लाडू वळले कोणी?" दोघींच्या आयांनी, रविवारी, अर्धा अर्धा दिवस. बाईची कांदालावणीची मजुरी दिवसाला तीनशे. दोन अर्धे दिवस म्हणजे एक दिवस. वर्गात बराच वेळ कोणी बोलेना. साठ नफ्यातून तीनशे वजा करून एका मुलीने फळ्यावर लिहिले : तोटा दोनशे चाळीस. मग प्रश्न निघाला की आयांनी मागितलेले नाही ते लिहावयाचे कशाला? यावर वर्गाचे दोन तट पडले आणि माझा तास संपला तरी भांडण संपेना. दुकानदार म्हणाले, मागितले नाही म्हणून देणे नाही होत, असे आमच्या वहीत चालत नाही.

शेवटी वहीत नोंद झाली. अक्षर त्या मुलीचे आहे, जरा तिरपे : 'आयांची मजुरी, रुपये तीनशे, देणे.' खाली बावीस सह्या. पुढच्या सोमवारी टेंपोवाल्याने साठ रुपये आणून दिले, आणि मुलांनी विचारले की ते दोघींत तीस तीस वाटावेत की आधी दाणे आणावेत. मी म्हणालो, आयांनाच विचारा. त्या दिवशी हजेरीपटावरची सोमवारची ओळ मी पहिल्यांदा शाईने पूर्ण भरली.